परसातले बीट आणि पहाडातले बी

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

विद्यापीठाच्या निकालापेक्षाही उशिरा लागलेला एक निकाल माझ्या चांगला लक्षात आहे. तो आमच्या परसातल्या चार बिटांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेल्या या बिटांचा निकाल पुढच्या जुलैत लागला आणि चारही परीक्षार्थी नापास झाले. परीक्षा आमच्या आजीने घेतली होती. विषय होता, 'बी धरणे'.

ती का नापास झाली याचा शोध घेताना मला जे समजले ते येथे सांगायचे आहे. बीट कसे लावावे हेही ओघाने येईलच; कारण घरामागे दोन हात जागा आणि रोज दोन बादल्या पाणी ज्याला मिळते त्याने हिवाळ्यात बीट जरूर लावावे, असे माझे अनुभवाचे मत आहे.

आजीची उतरंड

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. आमच्या भागातला वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून हे नाव. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या माजघरात कोपऱ्यात मडक्यांची एक उतरंड आहे. त्यातल्या एका गाडग्यात हा घेवडा राखेत घोळून ठेवलेला असतो. दुसऱ्यात दुधी आणि दोडक्याचे बी, तिसऱ्यात काटेरी वांग्याचे, चौथ्यात मेथी-धने. आजी निरक्षर आहे. गाडग्यांवर चिठ्ठ्या नाहीत, पण अंधारातही ती हवे ते बी काढून देते.

तिचा नियम एकच. जे पेरले त्यातले उत्तम ते बियाला ठेवायचे, उरलेले खायचे. वेलावरचा पहिला देखणा दुधी तोडायला गेले तर ती ओरडते, "आगं, समदं खाऊन टाकलंस तर फुडल्या साली काय पेरशील?" अर्थशास्त्राच्या वर्गात बचत आणि भांडवल यांची व्याख्या शिकण्याच्या कितीतरी आधी मी ती या वाक्यातून शिकले होते.

या उतरंडीत बीट कधी नव्हते. तालुक्याच्या दुकानातून मी बियाची एक पुडी घेऊन आले आणि आजीच्या हातावर दाणे ओतले. तिने ते बोटांनी चोळून पाहिले आणि म्हणाली, "हे तर पालकाचं बी!" मी हसले. पुडीवर बीटचे रंगीत चित्र होते. तिला ते दाखवले, तरी तिने मान हलवली नाही. या वादात कोण बरोबर होते ते पुढे येईल.

पुडीवरचे नाव

पुडीवर नाव होते 'डेट्रॉईट डार्क रेड'. नवीन काहीतरी असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात हे वाण आमच्या आजीपेक्षाच नव्हे, तर तिच्या आजीइतके जुने निघाले. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात पोर्ट होप नावाचे गाव आहे. तेथल्या रीव्हज नावाच्या गृहस्थांनी 'अर्ली ब्लड टर्निप' या त्याहूनही जुन्या बीटमधून गोल, गर्द लाल, सारख्या आकाराची मुळे निवडत निवडत हे वाण तयार केले. अमेरिकेतील डेट्रॉईट शहरातल्या डी. एम. फेरी आणि कंपनीने ते १८९२ साली विक्रीला आणले. शहराचे नाव त्याला चिकटले ते कायमचे. आज भारतात बीटच्या शिफारस केलेल्या वाणांत हे नाव असते आणि बाजारातल्या पुड्यांवरही ते वारंवार दिसते.

शेतकी भाषेत याला 'सरळ वाण' म्हणतात. संकरित वाणाचे बी धरले तर पुढची पिढी फुटते. एक रोप बापासारखे, दुसरे आईसारखे, तिसरे कोणासारखेच नाही. सरळ वाणाचे तसे नाही. नीट राखले तर नातवंडे आजोबांसारखीच निपजतात. म्हणूनच सव्वाशेहून अधिक वर्षे हे वाण टिकले. इटलीत व्हेनिसजवळच्या कियोज्जा गावाचे पांढऱ्या-गुलाबी चकत्यांचे बीट, फ्रान्समधले झाडाच्या सालीसारख्या खरबरीत सालीचे 'क्रापोदीन' ही अशीच जुनी वाणे. आपल्याकडे ज्याला जिव्हाळ्याने 'गावरान' म्हणतात, तशीच ती त्या त्या गावची गावराने म्हणायची.

या सर्वांचा मूळ पुरुष समुद्रकाठी राहतो. भूमध्य समुद्राच्या आणि युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात वाढणारे रानटी बीट हा तो पूर्वज. ग्रीक-रोमन काळात त्याची मुख्यत्वे पाने खात. आजच्यासारखा गोल गड्डा सोळाव्या शतकापासून पुढे रूढ होत गेला. त्याच्याच पांढऱ्या भावाने साऱ्या जगाचा बाजार हलवला. बर्लिनच्या मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ साली दाखवून दिले की, बीटमधली साखर आणि उसातली साखर एकच आहे. त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ साली सायलेशियात बीटच्या साखरेचा पहिला कारखाना काढला. उसाच्या जिल्ह्यात वाढलेल्या माझ्यासारखीला हा भाऊबंदकीचा इतिहास जरा जवळचा वाटतो.

पेरणी ते काढणी

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आमच्याकडे पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पेरणी करावी. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला की मुळात साखर साठते आणि रंग भरतो.

जमीन भुसभुशीत हवी. आमची काळी माती वाळली की दगड होते आणि त्यात गड्डा वेडावाकडा वाढतो. म्हणून मी एक मीटर रुंद व तीन मीटर लांब असा उंचवट्याचा वाफा केला आणि त्यात ओढ्याची वाळू व चार घमेली जुने शेणखत मिसळले. शेणखत पूर्ण कुजलेले असावे. ताज्या शेणाने मुळाला फाटे फुटतात. दगडगोटे वेचून टाकावेत. मुळाच्या वाटेत खडा आला की ते त्याला वळसा घालते आणि मग बीट न राहता गणपतीची सोंड होते.

बीटचे बी म्हणजे प्रत्यक्षात एक बी नसतेच. दोन ते पाच फुले एकत्र चिकटून त्यांचे सुकलेले एक खडबडीत गाठोडे होते आणि प्रत्येक गाठोड्यात एकाहून अधिक बिया असतात. त्यामुळे आपण कितीही मोजून पेरले तरी रोपे गर्दीनेच उगवतात. हे गाठोडे कठीण असते, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पेरावे. ओळींत एक फुटाचे अंतर, दाण्यांत चार बोटे आणि खोली जेमतेम दोन सेंटिमीटर. आठ-दहा दिवसांत तांबूस देठांची रोपे वर येतात.

यानंतरचे काम सर्वांत जिवावर येणारे. ते म्हणजे विरळणी. चार पाने आली की प्रत्येक ठिकाणी एकच जोमदार रोप ठेवून बाकीची काढायची. पुढे आणखी एकदा विरळून दोन रोपांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर राखायचे. उगवलेले उपटताना हात धजत नाही, पण दया दाखवली तर सगळीच उपाशी राहतात आणि नुसती पाने माजतात. काढलेली रोपे वाया जात नाहीत. काहींनी नांगे भरावेत, उरलेली पीठ पेरून भाजीत टाकावीत. ती कोवळी भाजी फार चवदार होते.

पाणी बेताचे पण नियमाने द्यावे. आधी आठ दिवस कोरडे ठेवून नंतर एकदम भरपूर पाणी दिले की गड्डे तडकतात. गड्ड्याचा माथा मातीवर डोकावू लागला की खुरप्याने भर द्यावी. पानांवर नागअळीच्या पांढऱ्या रेघा दिसल्या की ती पाने तोडून टाकावीत. घरगुती वाफ्यात एवढे पुरते. गड्डा कापल्यावर आत काळे कोरडे डाग दिसले तर जमिनीत बोरॉन कमी आहे असे समजावे. त्यावर टाकणखाराचा उपाय सांगतात, पण तो मातीची तपासणी करूनच आणि अगदी थोडा करावा, कारण थोडे जास्त झाले की पुढच्या हंगामात त्याच वाफ्यातला घेवडा करपतो. बीटला बोरॉन लागते आणि घेवड्याला ते सोसत नाही.

साठ-सत्तर दिवसांत गड्डा लहान चेंडूएवढा झाला की काढावा. मोठा होऊ देण्याच्या लोभात पडू नये. आतून दोरे धरतात. पाने कापताना दोन बोटे देठ ठेवावा आणि साल न काढता उकडावे, नाहीतर सगळा रंग पाण्यात उतरतो. लाल माठ आणि बोगनवेल यांच्या लालीची जात आणि बीटच्या रंगाची जात एकच. लिंबू पिळले की तो खुलतो आणि सोडा घातला की पिवळट पडतो. दाण्याचे कूट, लिंबू आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी घातलेली कोशिंबीर केली की वाफ्याचे कष्ट फिटतात. काहींना बीटचा मातकट वास आवडत नाही. पण हा वास ज्या द्रव्याचा, तेच द्रव्य पहिल्या पावसानंतर मातीतून दरवळते. वळवाच्या सरीनंतर अंगणात उभे राहून दीर्घ श्वास घेणाऱ्यांनी तरी बीटला नाक मुरडू नये!

पहिल्या वर्षी आमची बिटे उत्तम झाली. हौसेने मी फेब्रुवारीत पुन्हा पेरली. ती उगवली, पण कापल्यावर आत पांढुरकी कडी दिसली आणि गोडी बेताचीच होती. बीटचा गड्डा थरांवर थर चढत वाढतो. उन्हाळ्याचा ताप लागला की त्या थरांतला रंग फिकटतो. थंडीशी याचे काहीतरी नाते आहे याची ही पहिली सूचना होती. ती मला तेव्हा कळली नाही.

चार परीक्षार्थी

जानेवारीत काढणी सुरू होताच आजीने नेहमीप्रमाणे चार उत्तम गड्ड्यांना चिंध्या बांधल्या. "ह्ये बियाला," ती म्हणाली. त्याच वाफ्याच्या कडेला पालकाची ओळ होती, त्यातलीही काही रोपे राखली.

मार्चमध्ये पालकाने तुरे काढले. एप्रिलमध्ये त्याचे बी वाळले आणि आजीने ते चोळून गाडग्यात भरले. बिटांनी मात्र नुसती पाने काढली. आजी रोज सकाळी त्यांच्यासमोर उभी राहून त्यांची हजेरी घेई. "धाकला भाऊ लगीन करून मोकळा झाला, आन् ह्यो थोरला अजून पानंच काढतोय!" मे महिन्यात पाने होरपळली, नवी आली, तीही होरपळली. मी एक गड्डा उकरून पाहिला तर तो लाकडासारखा झाला होता. जूनच्या पावसात उरलेले तीन कुजायला लागले आणि जुलैत आजीने चिंध्या सोडल्या. एखादे पीक तिच्या हाताखाली बी न देता गेले असे मी प्रथमच पाहत होते. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी मात्र मला म्हणाली, "माझं काय चुकलं, तुझ्या मास्तरांना इचार."

आमचे महाविद्यालय कला शाखेचे. येथे वनस्पतिशास्त्राचा विभाग नाही. मी भूगोलाच्या सरांना विचारले. त्यांनी भिंतीवरचा भारताचा नकाशा दाखवून विचारले, "बीट जन्मले कुठे आणि तुम्ही ते लावले कुठे?" उत्तराची सुरुवात तेथून झाली. पुढचे ग्रंथालयाने शिकवले.

कुलूची थंडी

बीट हे द्विवर्षायू झाड आहे. पहिल्या वर्षी ते मुळात शिधा साठवते, दुसऱ्या वर्षी तो शिधा खर्चून फुलते. या दोन वर्षांमध्ये एक हिवाळा असतो, आणि तो नुसता कॅलेंडरवरचा असून चालत नाही. चार ते दहा अंश सेल्सियसच्या आसपासची थंडी कित्येक आठवडे सलग मिळाली, तरच झाडाच्या शेंड्याला 'आता फुलायचे' हा आदेश मिळतो. याला शास्त्रात वासंतीकरण म्हणतात. नंतर दिवसही लांब व्हावे लागतात. आमच्याकडे पहाटे हुडहुडी भरते खरी, पण दुपारी अंगातला स्वेटर उतरतो. थंडीने रात्री दिलेला आदेश दुपारचे ऊन पुसून टाकते. शिवाय सातारच्या सर्वांत मोठ्या दिवसाची लांबी तेरा तासांहून थोडीच अधिक, तर हिमाचलात ती चौदा तासांच्या पुढे जाते.

म्हणून भारतात बीटचे बी थंड पहाडी भागांत तयार होते, विशेषतः हिमाचल प्रदेश व काश्मीरच्या खोऱ्यांत. हा इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. पूर्वी अशा थंड हवेच्या भाज्यांचे बी युरोपातून येई. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा तुटला तेव्हा क्वेट्टा, काश्मीर आणि कुलू येथे बियांचे उत्पादन सुरू करण्यात आले. १९४७ च्या फाळणीत क्वेट्टा पाकिस्तानात गेले. कुलू खोऱ्यात बियास नदीकाठी, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, कटराईन येथे भाजीपाल्याच्या पैदाशीचे केंद्र उभे राहिले. ते आज दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे.

तेथे बी कसे धरतात ते वाचले तेव्हा आजीची पद्धत आठवली. हिवाळ्याच्या तोंडाशी सारी बिटे उपटतात. फिकट, फाटे फुटलेली, आकार बिघडलेली बाजूला काढतात. वाणाला शोभतील तेवढीच मुळे, पाने छाटून आणि शेंडा सांभाळून, पुन्हा जमिनीत लावतात. ती थंडीत तशीच राहतात. वसंतात त्यांतून माणसाच्या छातीएवढे दांडे वर येतात, त्यांवर पाकळ्या नसलेली बारीक हिरवट फुले लागतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस बी पिकते. उत्तम ते बियाला, हा नियम तेथेही तोच.

पण एक मोठा फरक आहे. घेवड्याचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. एका घरात एक वेल राखली तरी वाण शुद्ध राहते. बीटचे तसे नाही. त्याला स्वतःचा पराग सहसा चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो, आणि तो वाऱ्याने येतो. त्यामुळे दोन-चार झाडे राखून भागत नाही. पुष्कळ झाडे एकत्र फुलावी लागतात. शिवाय दुसऱ्या वाणाचा पराग येऊ नये म्हणून किलोमीटर-दीड किलोमीटरच्या परिसरात दुसरे बीट फुलत असता कामा नये. म्हणजे आमच्या चार बिटांना बर्फ मिळाला असता तरी ती काठावरच पास झाली असती.

आणि गंमत अशी की, दूर ठेवायच्या पिकांत पालकही येतो! कारण आपल्या मंडईत मिळणारा नेहमीचा पालक हा शास्त्राच्या दृष्टीने बीटच आहे. 'बीटा व्हल्गॅरिस' ही दोघांची जात एक. पालक हा तिचा बेंगालेन्सिस नावाचा प्रकार, गड्डा न धरणारा. ज्याला विलायती पालक म्हणतात ते झाड निराळे. दोघांचे बीही तसेच खडबडीत गाठोड्याचे. ही माहिती मी घरी जाऊन सांगितली तेव्हा आजीने पुडीच्या चित्राकडे बोट दाखवले आणि फक्त म्हणाली, "मग?"

महाबळेश्वर का नाही?

हा प्रश्न माझ्या एका मैत्रिणीने विचारला आणि तो रास्त आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर, म्हणजे कटराईनच्या खालोखाल. मग तेथे बी का धरू नये? उत्तर पुन्हा नकाशात आहे. उंची सारखी असली तरी अक्षांश सारखे नाहीत. कुलू बत्तिसाव्या अक्षांशाजवळ, महाबळेश्वर अठराव्याजवळ. तेथला गारवा सुखद असतो, पण बीटला हवा तितका कडक आणि लांबलचक नसतो. आणि बी पिकण्याच्या वेळी, जूनपासून, जेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो तेथे ते वाळायचे कसे?

तथापि ही दारे कायमची बंद आहेत असेही नाही. निलगिरीच्या पहाडात तामिळनाडू कृषि विद्यापीठाने 'ऊटी-१' हे बीटचे वाण निवडले. ते निलगिरीच्या हवेतच बी धरते. म्हणजे दक्षिणेतल्या पहाडातही बीट हळूहळू रुजू लागले आहे. याहून जुने उदाहरण आपल्या ताटातच आहे. त्याच जातीचा पालक मैदानात बी धरायला केव्हाच शिकला. आणि आमचा वाघ्या घेवडा? घेवड्याची मूळ जात अमेरिकेची. तोही एकेकाळी समुद्र ओलांडून आलेला पाहुणाच. आज त्याच्या नावापुढे आमच्या तालुक्याचे नाव लागते, कारण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरांतील बायकांनी त्याचे बी राखले.

यावरून मला असे वाटू लागले आहे की, 'गावरान' हा शब्द मूळ गावाविषयी नसून राखणाऱ्या हातांविषयी आहे. जे बी आपण धरू शकतो ते आपले. बीट अजून आपले नाही. ते दरवर्षी आपल्याकडे राहायला येते, पण त्याचे घर पहाडात आहे.

एका वर्षाचे अंतर

हे सारे एका पुडीपुरते म्हणून सोडून दिले असते. पण मध्यंतरी एक गोष्ट घडली. आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्या हंगामात ती परसात गेली नाही. आम्ही सर्वांनी मिळून वांगी खाल्ली; बियाला एकही ठेवले नाही. कोणाच्या लक्षातच आले नाही. गाडग्यातले आदल्या सालचे बी किडले होते. पुढच्या पेरणीला आजीने गाडगे उलटे केले तेव्हा तळाशी नुसती राख होती. तिच्या सासूने तिला दिलेले काटेरी वांगे आमच्या घरातून एका वर्षात गेले. ना दुष्काळ, ना पूर. केवळ एक माणूस आजारी पडले म्हणून.

ते परत आले ते आत्याच्या गावाहून. आत्या सासरी निघाली तेव्हा आजीने तिला पदराच्या टोकाला बांधून थोडे बी दिले होते. ते तिच्या परसात चालूच होते. दिवाळीला आत्याने तेच बी पुरचुंडीत परत आणले. आजीने ते दिले नसते तर आज आमच्याकडे नसते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील) कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांच्या बियांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली, हे आपण वाचलेले असते. पण बँक म्हणजे नक्की काय, हे मला आमच्या रिकाम्या गाडग्याने शिकवले. एकाच तिजोरीत ठेवलेले सुरक्षित असते हा समज बियाच्या बाबतीत उलटा आहे. बी जितक्या घरांत विखुरलेले, तितके सुरक्षित. कायद्यानेही हे मानले आहे. पीक वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क याविषयीच्या २००१ च्या कायद्यात शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलेला आहे. फक्त ते कंपनीच्या नावाची मोहोर लावून विकता येत नाही. हक्क आहे, पण तो बजावायला दरवर्षी कोणीतरी एक देखणे वांगे न खाता ठेवावे लागते.

बीटच्या बाबतीत हे काम कुलूचा कोणी अनोळखी शेतकरी आपल्यासाठी करतो. त्याने एक हिवाळा ही मुळे निवडून लावली नाहीत तर आपल्या मंडईतून ती नाहीशी होतील. बाजारात पुडी विकत घेतली की व्यवहार पुरा झाला, असे अर्थशास्त्र सांगते. पुडीतल्या चिमूटभर बियांमागे पोर्ट होपच्या रीव्हजपासून कटराईनपर्यंतची जी निवड आहे, तिची किंमत मात्र पुडीवर छापलेली नसते.

आता आम्ही दर ऑक्टोबरात एक पुडी आणतो. नाव वाचून, सरळ वाण आहे ना हे पाहून, आणि तारीख बघून. बीटचे बी कोरडे राहिले तर तीन-चार वर्षे उगवते, म्हणून सगळे एकदम पेरत नाही. अर्धे शेजारच्या दोन घरांत वाटतो. उरलेले आजीच्या स्वाधीन करतो. ते आपल्या घरात जन्मलेले नाही हे तिला ठाऊक आहे. तरीही ती पुडीचे तोंड दुमडते, दोऱ्याने बांधते आणि पालकाच्या गाडग्यात ठेवून देते. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "भावाभावांस्नी एकत्र ऱ्हाऊ दे."